कूलंटचा रंग आणि बोअरचे पाणी

‘गाडीचे इंजिन थंड ठेवणारे हिरवे कूलंट कमी झाले तर लाल ओतावे, फरक पडत नाही’ या मताशी मी सहमत नाही. नुसत्या रंगावरून कूलंटची जात कळत नाही. गाडीच्या पुस्तिकेत कोणते मानक दिले आहे ते पाहावे, कारण कूलंटमधली वेगळ्या जातीची गंजरोधके एकत्र आली की त्यांचे आयुष्य घटते. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की लोक रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचे पाणी भरतात. माझ्या जुन्या गाडीचा रेडिएटर उघडला तेव्हा, बंबाच्या तळाशी बसतो तसा पांढरा क्षार नळ्यांत घट्ट बसलेला होता. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालते. तयार मिश्रणात मात्र पाणी घालू नये. झाकण इंजिन पूर्ण निवल्यावरच उघडावे.