ताप आधी की पुरळ आधी? मुलांच्या आजारपणाचे अनुभव

चाफा
आज बहिणीने भाचीचा फोटो पाठवला, कानामागे लाल पुरळ. पोटात गोळाच आला. २०२२ च्या नोव्हेंबरात आम्ही गोवंडीला होतो, गोवराची साथ जोरात. लेक सव्वा वर्षाचा. गावी गेल्यामुळे नवव्या महिन्याची लस राहिलेली. चार दिवस ताप, खोकला, डोळे लालभडक, मी सर्दी समजत बसले. मग कानामागून पुरळ सुरू, तोंड, छाती, पाय. सासूबाई म्हणाल्या, गोवर बाहेर पडू दे, औषध नको. पण रात्री त्याच्या बरगड्या आत ओढायला लागल्या, तशी उचलून नेलं. न्यूमोनिया. व्हिटॅमिन एचे दोन डोस दिले, लागोपाठ दोन दिवस. तुम्हीही लिहा.

मोगरा
अगं बाई. आता कसा आहे?

चाफा
छान आहे गं. राहिलेल्या लसी सगळ्या दिल्या.

रानवारा
आमच्याकडे उलटं. लेक १० महिन्यांची, तीन दिवस १०३ ताप. चौथ्या दिवशी ताप गेला नि अंगभर गुलाबी ठिपके! डॉक्टर म्हणाले रोझिओला, ताप उतरला की पुरळ येतं, आपोआप जातं. तेव्हापासून ताप कधी आला, पुरळ कधी, दोन्ही कॅलेंडरवर लिहिते. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

तीन पोरांची आई
कांजिण्या. एकाच्या खपल्या धरल्या की दुसऱ्याला फोड, दीड महिना घरात. उशाशी कडुलिंबाचा पाला, नखं बारीक कापलेली. तापाला फक्त पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन मुलांना अजिबात देऊ नका.

मोगरा
माझ्या आईच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे. लहानपणी त्यावर बोट फिरवत झोपायचे मी.

सातारकर
मुलगा चार वर्षांचा. सहा दिवस ताप, अँटिबायोटिकने हलेना. डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, अंगावर पुरळ. दोन ठिकाणी गोवर म्हणाले. तिसऱ्या डॉक्टरांनी कावासाकी ओळखला (रक्तवाहिन्या सुजतात, हृदयालाही धोका), हृदयाची इको केली, त्याच रात्री शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडीचं औषध. दहा दिवसांच्या आत मिळालं. नंतर बोटांची सालं निघाली, पण हृदय वाचलं. ताप पाच दिवसांपुढे गेला की घरी थांबू नका, हात जोडून सांगतो.

रानवारा
वाचून रडू आलं दादा.

तीन पोरांची आई
अजून एक, काचेचा पेला पुरळावर दाबा. डाग फिका झाला नाही तर लगेच हॉस्पिटल.

चाफा
बहिणीला दाखवलं सगळं. भाचीला ताप कालपासूनच आहे, निघालेत डॉक्टरांकडे.

मोगरा
कळव गं. आणि तोंड आलं असेल तर गार पेज दे, माझी तेवढंच घ्यायची.