मदत हवी आहे: माईनक्राफ्ट गेमचा सर्व्हर घरात चालायलाय, बाहेरच्यांना जोडता येईना

मंडळी, मी परभणीचा. घरच्या जुन्या पीसीवर माईनक्राफ्ट जावा एडिशनचा सर्व्हर टाकलाय, अधिकृत सर्व्हर डॉट जार फाईल घेतली, जावा २१ टाकलं, पहिल्यांदा चालवलं की ते लगेच बंद पडतं मग ईयूएलए डॉट टीएक्सटी (वापराच्या अटी मान्य करायची फाईल) मध्ये फॉल्सचं ट्रू करावं लागतं, ते बी केलं. आता कन्सोलवर डन येतंय, म्हंजे सर्व्हर चालू झाला, घरातल्या वायफायवर धाकटा भाऊ मस्त खेळायलाय.

पण लातूर-नांदेडची पोरं जोडायला गेली की कनेक्शन टाईम्ड आऊट. राऊटरमध्ये २५५६५ टीसीपी पोर्ट फॉरवर्ड केलाय (बाहेरून आलेली जोडणी घरच्या पीसीकडं वळवायला), विंडोज फायरवॉलमध्ये जावाला परवानगी दिलीय, पीसीचा आयपी पण फिक्स केलाय. एक गोष्ट खटकायली, राऊटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर आयपी १००.७२ ने सुरू होतो आणि गूगलवर बघितला की दुसराच निघतो. म्हंजे हे सीजीनॅटच ना, कंपनी एकच बाहेरचा आयपी बऱ्याच गिऱ्हाईकांत वाटून देते ते? मग पोर्ट कितीबी उघडा, काय उपयोग राव.

केबलवाल्याला विचारलं तर म्हणतो "यूट्यूब चालतंय ना?" आता बोला!

स्टॅटिक (न बदलणारा, स्वतःचा) आयपी मागावा, का टेलस्केलसारखं (सगळ्यांचे पीसी एका खाजगी नेटवर्कात जोडणारं ॲप) काही टाकावं, का सरळ मुंबईतला व्हीपीएस (कंपनीकडचा ऑनलाईन सर्व्हर) भाड्यानं घ्यावा? चार-पाच जणच खेळतेत, त्यामुळं खर्च जास्त नको. अन् लाईट गेली की वर्ल्ड फोल्डर (गेममधली सगळी दुनिया जिथं सेव्ह होते ते) खराब व्हायची भीती, स्टॉप कमांड द्यायला वेळच मिळत नाही. बॅकअप आपोआप घ्यायची सोपी स्क्रिप्ट कुणाकडं असंल तर टाका की.