कथिलाच्या खाणी सरकारी करून बोलिव्हियाने काय मिळवले?

मुरूम:
१९५२च्या क्रांतीनंतर बोलिव्हियाने पातिन्यो, होखशिल्ड आणि आरामायो या तीन बड्या खाणमालकांच्या कथिलाच्या खाणी ताब्यात घेऊन ‘कोमिबोल’ हे महामंडळ काढले. १९४२ साली कातावी या पातिन्योंच्या खाणगावी वेतनवाढ मागणाऱ्या कामगारांवर सैन्याने गोळ्या झाडल्या होत्या, हे लक्षात घेता तो राग समजण्यासारखा आहे. परंतु महामंडळ पुढे राजकीय नेमणुकांचे कुरण बनले, नव्या साठ्यांचा शोध मागे पडला आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये कथील विकत घेऊन भाव टिकवून धरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कथील परिषदेचे पैसे संपून भाव कोसळले, तेव्हा वाचवण्याजोगे फारसे उरले नव्हते. २० हजारांहून अधिक कामगारांची नोकरी गेली. खाण चालवणे हे सरकारचे काम नव्हे, असे माझे मत आहे.

सह्यकडा:
आपण हिशेब १९५२ पासून मांडता, ही मूळ अडचण आहे. उत्तम प्रतीचे खनिज त्याआधीच उपसले गेले होते आणि सरकारच्या हाती जुनी यंत्रे व खोल गेलेल्या खाणी आल्या. शिवाय मलायात कथील नदीकाठच्या गाळातून मिळे, तर बोलिव्हियात ते सुमारे ४,००० मीटर उंचीवरचा कठीण खडक फोडून काढावे लागे आणि समुद्रकिनारा नसल्याने परक्या बंदरांतून पाठवावे लागे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खनिज गाळण्याच्या भट्ट्या परदेशी होत्या. लिव्हरपूलजवळच्या ज्या कारखान्यात बोलिव्हियाचे खनिज जाई, त्यात खुद्द पातिन्योंचे भांडवल होते. खाण गेली तरी नफ्याचा हा दरवाजा त्यांच्याकडेच राहिला. ओरुरोजवळ विन्तो येथे देशाची स्वतःची मोठी भट्टी सुरू व्हायला १९७१ उजाडले. राष्ट्रीयीकरण चुकले असेल, तर ते अर्धवट राहिले म्हणून.

मुरूम:
उंची आणि खडक ही सबब पुरेशी नाही. शेजारच्या पेरूतील सान राफाएल खाणही तितक्याच उंचीवर, खडकातच आहे. ती ‘मिन्सुर’ ही खासगी कंपनी चालवते आणि भट्टीही तिने स्वतःच उभारली.

सह्यकडा:
सान राफाएलच्या खनिजातील कथिलाचे प्रमाण जगात क्वचितच आढळणारे होते. तिची तुलना कातावीच्या उरल्यासुरल्या खनिजाशी करणे न्याय्य नाही.

वाटसरू:
आपण दोघेही सरकार की कंपनी एवढाच पर्याय धरून चालला आहात. नोकरी गेलेले अनेक जण पुढे खाण सहकारी संस्थांत शिरले. (सहकार म्हटले की आपल्याला साखर कारखाना आठवतो, तिथे मात्र सभासद स्वतः खाणीत उतरतो आणि पुष्कळदा रोजंदारीवर मजूरही ठेवतो.) ऑक्टोबर २००६ मध्ये हुआनुनी या खाणगावच्या पोसोकोनी डोंगरातील कथिलाच्या शिरांवरून हे सभासद आणि कोमिबोलचे कामगार डायनामाइट घेऊन एकमेकांवर तुटून पडले व १६ जण मेले. सरकारने त्यानंतर सहकारी खाणकामगारांना हजारोंच्या संख्येने कोमिबोलच्या पगारपटावर घेतले आणि २००७ मध्ये मधल्या काळात खासगी झालेली विन्तोची भट्टी ग्लेनकोर या कंपनीकडून परत घेतली.

मुरूम:
म्हणजे खाणीला किती माणसे लागतात हे तंट्याने ठरवले. भाव चढे असताना हे खपून जाते. उतरल्यावर तो पगार कोण देणार?

सह्यकडा:
सरकारच देईल. १९८५ नंतर ज्यांना दिला नाही, त्यांतले कित्येक पोटासाठी चापारे या भागात कोकाची (ज्याच्या पानांपासून कोकेन बनते) शेती करायला गेले, तोही खर्च देशानेच सोसला. फक्त तो कोमिबोलच्या ताळेबंदात दिसला नाही.