शब्दचर्चा : विषाणू ग्राहीला ‘बांधला जातो’ की ग्राहीला ‘धरतो’?

प्रश्न : ‘बर्ड फ्लूचा विषाणू यजमान पेशीवरील रिसेप्टरला बांधला जातो’ असं वाक्य सर्रास दिसतं. बांधतं कोण? आणि रिसेप्टरला, म्हणजे विषाणू पेशीवर जिथे जोडला जातो त्या जागेला, काय म्हणावं : ग्राहक, स्वीकारक की ग्राही?

प्रतिसाद : ग्राहक बाद, त्याला गिऱ्हाइकाचा वास येतो. स्वीकारक रसायनशास्त्रात इलेक्ट्रॉन घेणाऱ्यासाठी अडकलाय. उरतो ग्राही, ‘गुणग्राही’मधला. (आयुर्वेदात ग्राही म्हणजे मळ बांधणारं औषध, पण संदर्भ इतका लांबचा की घोटाळा होत नाही.) समासात ऱ्हस्व : प्राणिसंग्रहालय तसं ग्राहिबंधन.

‘बांधला जातो’ मात्र काढाच. धरण्याचं काम विषाणूच करतो. त्याच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे काटे असतात. तीन सारख्या प्रती मिळून एक काटा. प्रत्येक प्रतीच्या टोकाशी एक उथळ खाच असते आणि त्या खाचेत पेशीवरचं सायलिक आम्ल (एक प्रकारची शर्करा) बसतं. म्हणून : विषाणू सायलिक आम्लाला धरतो.

प्रतिसाद : म्हणजे ग्राही हे प्रथिन नाहीच, पेशीवरच्या शर्करासाखळीचं शेवटचं टोक आहे. ‘ग्राही’ शब्दाने असं वाटतं, की पेशी हात पुढे करून उभी आहे. ती साखळी पेशीच्या स्वतःच्या कामांसाठी असते. ग्राही ती फक्त विषाणूच्या लेखी.

प्रश्न : आणि ‘पक्ष्यांचा ग्राही’, ‘माणसाचा ग्राही’?

प्रतिसाद : सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. फरक प्राण्याचा नाही, सांध्याचा आहे. सायलिक आम्लाचा २ क्रमांकाचा कार्बन साखळीतल्या शेजारच्या गॅलॅक्टोज या शर्करेच्या ३ क्रमांकाच्या कार्बनला जोडलेला असेल तर तो अल्फा २,३ सांधा. ६ क्रमांकाच्या कार्बनला असेल तर अल्फा २,६. पहिल्यात साखळी बरीचशी सरळ राहते, दुसऱ्यात मुरडते. पक्ष्यांतले विषाणू पहिल्याला पसंती देतात, माणसांत रुळलेले दुसऱ्याला.

पण माणसात दोन्ही सांधे आहेत. नाक, घसा, श्वासनलिका इथे २,६ भरपूर. २,३ फुप्फुसाच्या वायुकोशांत आणि डोळ्याच्या बाह्य आवरणात. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू खोल फुप्फुसात न्यूमोनिया करतो, तरी माणसाकडून माणसाकडे सहजी जात नाही, त्याचं एक कारण हे. म्हणून ‘पक्षी-प्रकारचा ग्राही’ लिहावं. आणि ‘फक्त याच सांध्याला धरतो’ऐवजी ‘याला पसंती देतो’. कुलूप-किल्लीची उपमाही त्याचसाठी नको, ही किल्ली दुसऱ्या कुलपातही थोडीफार फिरते. १९५७ आणि १९६८ च्या साथींच्या विषाणूंत खाचेतली एक-दोन अमिनो आम्लं बदलली आणि पसंती २,६ कडे झुकली.

प्रतिसाद : ‘धरतो’ला पाठिंबा, ‘चिकटतो’ला नाही. एका खाचेची पकड अगदीच लेचीपेची असते. पण काटे शेकड्यांनी, त्यामुळे एक सुटली तरी बाकीच्या टिकून. एका टाक्याने नव्हे, शिवणीने बसल्यासारखं. अॅफिनिटीला ‘एकेका पकडीची ताकद’ आणि अॅव्हिडिटीला ‘एकवट पकड’ म्हटलं तर हा भेद वाचकाला कळतो. दोन्हींना ‘आकर्षण’ म्हटलं की संपलं. शिवाय विषाणूचंच दुसरं प्रथिन, न्युरामिनिडेज, सायलिक आम्ल कापून पकड सोडवतं. डिंकाला हे जमत नाही.

प्रश्न : हिमॅग्लुटिनिन म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, हे बरोबर?

प्रतिसाद : चूक. गोठणं वेगळं, त्यात फायब्रिनचे धागे लागतात. इथे विषाणू एकाच वेळी अनेक तांबड्या पेशी धरून त्यांची जाळी विणतो. ‘रक्तपेशी-समूहन’ म्हणा.

समूहनाच्या चाचणीत हे डोळ्यांना दिसतं. व्ही-तळाच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात २५ मायक्रोलिटर बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) घालतात, पहिल्यात २५ मायक्रोलिटर विषाणू-द्राव. मग तिथून पुढे दुपटीने विरळ करत जातात. प्रत्येकात आणखी २५ मायक्रोलिटर बफर आणि कोंबडीच्या तांबड्या पेशींचं १ टक्का निलंबन तेवढंच. सुमारे २० अंशांवर साधारण ४० मिनिटं. खोली गरम असेल तर ४ अंशांवर एक तास, कारण उष्णतेत न्युरामिनिडेज जाळी सोडवतं आणि निकाल फसवा येतो. नवखे इथे उलटं वाचतात : तळाशी नीटस ठिपका म्हणजे समूहन झालेलं नाही. प्लेट तिरकी केली की तो ठिपका अश्रूसारखा ओघळतो. जाळी ओघळत नाही.

कोंबडीच्या पेशींवर दोन्ही सांधे असतात, घोड्याच्या पेशींवर जवळजवळ फक्त २,३. पसंती पाहायची तर ‘रक्तपेशी’ एवढं लिहून भागत नाही, कोणाच्या ते लिहावंच लागतं.

प्रश्न : मग मूळ वाक्य असं चालेल? ‘बर्ड फ्लूचा विषाणू पेशीवरच्या सायलिक आम्लाला धरतो आणि आत शिरतो.’

प्रतिसाद : ‘आणि’ जरा घाईचा आहे. धरल्यावर पेशी त्याला पिशवीत गुंडाळून आत ओढते. पिशवीतला सामू ५ च्या आसपास उतरला की हिमॅग्लुटिनिन आकार बदलतं, विषाणूचं आवरण पिशवीच्या पटलात मिसळतं आणि तेव्हा कुठे जनुकं पेशीरसात उतरतात. ‘…धरतो, मग पेशीच त्याला आत ओढते’ असं करा.