हिरो व्हायच्या आधीची साधी माणसं: कॅम्पेन लेव्हल झिरोपासून सुरू करायचंय, मदत पाहिजे

तळ्याकाठचा_डीएम (सोलापूर)

नमस्कार मंडळी, आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी जुळे सोलापुरात एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) खेळतो, फिफ्थ एडिशन, २०१४ची पुस्तकं. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात. आता नवीन कॅम्पेन, म्हणजे बरेच सेशन चालणारी एक लांब गोष्ट, सुरू करलालोय. मागच्या वेळी सगळ्यांनी तीन-तीन पानं बॅकस्टोरी लिहून आणली, कुणाचं गाव जळलेलं, कुणाचा बाप राजा, आणि दुसऱ्या सेशनपासून ती पानं कुणी परत उघडली नाहीत. मलाही कुणाचं गाव आठवत नव्हतं, हे मला लय लागलं.

म्हणून यावेळी सगळे साधी माणसं, हिरोची पहिली पायरी लेव्हल वन, हे त्याच्याही आधीचे. तलवार नाही, जादू नाही. एका तळ्याकाठच्या गावात जत्रा भरलीय (आपला गड्डाच, सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, डोळ्यासमोर ठेवलाय, संक्रांतीची थंडी, पाळणे, बांगड्यांची दुकानं) आणि जो तो आपापल्या पोटापाण्याला लागलाय, तेवढ्यात तळ्यातून काहीतरी वर येतं. नियम काय लावू? किती सेशन असं ठेवू? आणि आमच्यातल्या एकाला पहिल्या दिवसापासून मारामारी लागते, त्याचं काय करू?

---

जुना_फासा

कल्पना चांगलीय आणि जुनीपण आहे. १९८७ मध्ये 'ट्रेझर हंट' नावाचं डी अँड डीचं मोड्यूल (खेळायला तयार छापील गोष्ट) आलं होतं, त्यात कॅरेक्टर झिरो लेव्हलची असतात, चाच्यांनी पळवलेली आणि जहाज फुटून एका बेटावर येऊन पडलेली, आणि तिथं जो जसा वागेल त्यावरून त्याचा क्लास (लढवय्या, जादूगार, चोर असा प्रकार) ठरतो. नंतर २०१२च्या 'डंजन क्रॉल क्लासिक्स' (डीसीसी) या दुसऱ्या खेळामध्ये याला फनेल म्हणजे नरसाळं म्हणायला लागले. प्रत्येकाकडं तीन-चार साधी माणसं, एक ते चार हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा), वरून सगळी ओतायची आणि खालून जी जिवंत निघतील ती लेव्हल वनची.

पण तुम्ही फिफ्थ एडिशनमध्ये करताय म्हणून आधी गणित बघा, इथंच डीएम फसतात. पुस्तकातला कॉमनर (साधा माणूस) म्हणजे ४ हिट पॉइंट, आर्मर क्लास १०, म्हणजे वार लागायला बेरीज १० किंवा वर पाहिजे. गॉब्लिनचा (छोटा राक्षस) वार +४ने येतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ६ किंवा वर पडलं की लागला, आणि डॅमेज एक सहा बाजूंचा फासा +२. हिशोब केला तर दर शंभर वारांत ६३ वेळा माणूस एकाच फटक्यात खाली. शिवाय डॅमेजच्या फाशावर ६ पडला तर डॅमेज ८, उरलेलं ४ हे त्याच्या पूर्ण हिट पॉइंटएवढं होतं, म्हणजे डेथ सेव्हिंग थ्रो (जीव वाचवायचा शेवटचा फासा) पण नाही, जागीच गेला. चार गॉब्लिन पाठवलेत तर तुमची जत्रा दोन राउंडमध्ये उठली.

तेव्हा एकतर प्रत्येकाला दोन-तीन माणसं द्या आणि मरणार हे आधीच सांगा, नाहीतर एकच माणूस द्या पण हिट पॉइंट ८ करा आणि पळायला वाट ठेवा. अर्धं हे अर्धं ते करू नका.

---

पूर्वभागची_पोर

दादा, गणित बरोबर आहे पण मला वाटतं खरी गोष्ट धंद्यात आहे, हिट पॉइंटमध्ये नाही. मी अशोक चौकाच्या बाजूला वाढले, आमच्याकडं दिवसभर मागांची खटखट चालू, तिच्यात बोलायची इतकी सवय की लाईट जाऊन माग थांबले की सगळे दारात येऊन बघतात काय झालं म्हणून. मागच्या वर्षी आमच्या टेबलवर असंच साध्या माणसांपासून सुरू केलं तेव्हा मी विणकर घेतली. पहिलाच सीन, रात्रीची वेळ, डीएमनं सांगितलं की गल्ली शांत आहे. मी म्हणलं थांब, शांत कशी, रात्रपाळीचे माग का बंद आहेत? त्यानं तसा काही विचारच केला नव्हता! दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणला की हो, तुला जाग त्याच्यामुळंच आलीय. तिथनं पुढचे सहा सेशन त्या बंद मागांमागं गेले.

आणि नंतर दरीत उतरायचं होतं, दोर तुटका, तुकडे तुकडे. बाकीचे स्ट्रेंग्थचा (ताकदीचा) फासा टाकायला निघाले. मी म्हणलं माझी बाई दिवसातनं शंभरदा तुटलेला धागा जोडते, विणकराची गाठ तिला डोळे मिटून येते, आणि ती गाठ दोराला पण चालते, जहाजावरचे लोक तीच वापरतात. डीएमनं मोबाईलवर बघितलं आणि फासा न टाकता उतरू दिलं. लेव्हल पाचला मी फायरबॉल टाकला त्याच्यापेक्षा ती गाठ टेबलवरच्या सगळ्यांना जास्त आठवते.

म्हणून बॅकस्टोरी मागू नका. तीनच गोष्टी विचारा: सकाळी उठून काय काम करतेस, त्या कामात हाताला काय येतं जे दुसऱ्याला येत नाही, आणि संध्याकाळी घरी तुझी वाट कोण बघतं. विडी वळणारी असेल तर तिची बोटं, पान कोरडं की ओलं हे हात लावल्या लावल्या कळणं. जॉबर (माग दुरुस्त करणारा) असेल तर आवाजावरून मशीन कुठं अडलंय ते ओळखणं. भाकरी विकणारी असेल तर गावात कोण उधार घेतो आणि कोण रात्री उशिरा येतो ते. जुना_फासा दादांनी सांगितलेल्या डीसीसीमध्ये याला नियमच आहे, काम तुमच्या धंद्यातलं असेल तर वीस बाजूंचा फासा, नसेल तर दहा बाजूंचाच. तो सरळ उचला.

---

चुलीवरची_चटणी

मी थोडं उलटं बोलतो. साधी माणसं मला पण आवडतात पण हे लांबवू नका. एका ग्रुपमध्ये (नाव घेत नाही) आम्हाला पाच महिने झिरो लेव्हललाच ठेवलं होतं, दर वेळी उंदीर, दर वेळी उधारी, आणि ज्या पोरीला विझार्ड खेळायचं होतं ती कंटाळून सोडून गेली. ती चांगली खेळायची. तिला आधी कुणी विचारलंच नाही की तुला हे चालेल का. दोन सेशन, फार तर तीन, आणि तारीख आधी सांगा.

तुमच्या मारामारीवाल्या मित्राला जत्रेतला पैलवान द्या की, आपल्याकडं कुस्त्यांचे फड काय कमी आहेत का. त्याला पहिल्या दिवसापासून हाणायला मिळेल आणि तरी तो साधा माणूसच राहील, तलवार समोर आली की त्याचीपण फाटते.

अजून एक. क्लास तुम्ही ठरवू नका, त्यांनी पण कागदावर आधी ठरवू नये. संकटात कोण काय करतो ते लिहून ठेवा. सोलापूरच्या आपल्या चार हुतात्म्यांना (१९३१ला इंग्रजांनी फाशी दिलेले) मी खेळात आणणार नाही, ते मला पटत नाही, पण त्या पुतळ्यांवरून जाताना दर वेळी डोक्यात येतं की १९३०च्या आधी ही माणसं याच पेठांतनं रोज आपापल्या कामाला जात असतील. १९३०ला गावात मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला तेव्हा कोण काय करेल हे आदल्या दिवशी कुणाला माहीत होतं?

---

तळ्याकाठचा_डीएम

सगळ्यांचे मनापासून आभार, काल पहिला सेशन झाला म्हणून लिहितोय. प्रत्येकी दोन माणसं दिली, हिट पॉइंट ४च ठेवले, ताईंचे तीन प्रश्न विचारले आणि दोनच सेशन असं आधी सांगून टाकलं. पैलवान तिसऱ्या राउंडला गेला. मला वाटलं मित्र चिडणार, पण त्यानं दुसरा कागद उचलला, त्याची बांगडीवाली म्हातारी, जी त्यानं नुसती भरती म्हणून लिहिली होती. तळ्यातलं ते जनावर दुकानांच्या रांगेत घुसल्यावर हिनं पळायच्या ऐवजी दुकानातल्या सगळ्या बांगड्या वाटेवर ओतल्या, काचेच्या, त्याचे पाय ओले आणि मऊ, मी आधीच तसं सांगितलं होतं. ते थांबलं. मग ती पैलवानाजवळ बसली, त्याच्या मनगटातला गंडा सोडून स्वतःच्या हातात बांधला, आणि मित्र म्हणला ही आता घरी जाणार नाही.

आता मला सांगा, पुढच्या रविवारी ती लेव्हल वन होणार, ती रोग (म्हणजे चलाख, चोरपावलांची) व्हावी की क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारी)? त्याला विचारलं तर म्हणतो तूच बघितलंयस ना ती काय करते.