प्रतिसाद : बेवारस कबरींचा खर्च कोणी करायचा?

ज्यांचे वारसच उरले नाहीत अशा कबरींवर सरकारने पैसा का खर्चावा, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. कारण वारस का उरले नाहीत, हे त्यात विचारलेलेच नाही. जर्मनीत ज्यूंची दफनभूमी सांभाळणारी माणसे नाझी राजवटीने मारली किंवा देशोधडीला लावली, म्हणून 1957 साली तिथल्या केंद्र व राज्य सरकारांनी अशा बेवारस दफनभूमींचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला. त्यात थाटमाट नाही: कुंपण, फाटक, गवतकापणी आणि कलते दगड पडू न देणे, एवढेच. ज्यू धर्मशास्त्रानुसार कबर कायमची असल्याने ती जागा पुन्हा वापरता येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

युद्धकबरींचा हिशेब वेगळा आहे. 1917 साली स्थापन झालेल्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाचा खर्च सहा सदस्य देश आपापल्या कबरींच्या प्रमाणात उचलतात. भारतही त्यांत आहे. पुण्याजवळच्या खडकीच्या युद्धकबरस्तानाची हिरवळ त्यातूनच राखली जाते. मात्र हा आयोग दोन महायुद्धांपुरताच आहे. 1803 च्या, विदर्भातल्या अडगाव आणि गाविलगडच्या लढायांत पडलेले, मग ते ईस्ट इंडिया कंपनीचे असोत की नागपूरकर भोसल्यांचे, त्यात बसत नाहीत.

आमच्या शेताच्या धुऱ्यापलीकडे घाणेरीत बुडालेली एक जुनी कबर आहे. तिच्या दगडावर पोरे तुरीच्या शेंगा सोलतात, आणि अक्षरे बोटाने चाचपली तरच लागतात. तिच्यासाठी वर्षाला दोन मजुरांची दोन दिवसांची मजुरी पुरे, पण ग्रामपंचायतीच्या कुठल्याच खात्यात ती टाकता येत नाही, असे मला सांगण्यात आले.