मदत हवी आहे : बाटलीपासून केलेली कॅनॉपी खोलगट जागी साच्याला चिकटून बसत नाही

थर्मोकोलच्या रेडिओ-नियंत्रित विमानासाठी मी शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीपासून कॉकपिटची पारदर्शक कॅनॉपी (वरचे झाकण) तयार करत आहे. सागवानी साचा १८ सेंमी लांब व ७ सेंमी रुंद असून बारीक पॉलिश पेपरने घासलेला आहे. बाटलीचा तळ कापून साचा आत सरकवायचा, खालून लाकडी पाचर ठोकून ताण द्यायचा आणि मग हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे अवजार) फिरवायची, अशी माझी पद्धत आहे.

बाटली फुगवताना तिचे प्लास्टिक उभे-आडवे ताणले गेलेले असल्यामुळे सुमारे ८० अंशांच्या पुढे ते आकसते, आणि घुमटाचा भाग त्यामुळे अगदी काचेसारखा बसतो. अडचण फक्त पुढची काच आणि नाक यांच्यामधल्या खोलगट वळणाची आहे. तिथे प्लास्टिक साच्याला न टेकता कडेपासून कडेपर्यंत ताठ राहते आणि उष्णता वाढवली की दुधाळ, कडक होते. एकदा पांढरे झालेले प्लास्टिक पुन्हा आकसतही नाही.

जाड पाचर, हीट गनचे अंतर वाढवणे आणि उकळते पाणी हे उपाय करून पाहिले. पाण्याने पांढरेपणा टळला, पण खोलगट जागा भरली नाही. व्हॅक्यूम फॉर्मिंगचे (हवा शोषून गरम प्लास्टिक साच्यावर बसवण्याचे) यंत्र उपलब्ध नाही आणि दर्शनी भागात सांधा नको आहे.

अशा वळणावर प्लास्टिक गरम असतानाच उलट आकाराच्या ठोकळ्याने दाबावे का, आणि दाबायचे असल्यास घुमट आकसण्याआधी की नंतर?